मसाला सर्वांत शेवटी

मांजरी बुद्रुकमध्ये आंबवण्याचे शास्त्र पदवीपर्यंत शिकता येते. सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी १९७५ मध्ये इथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभारली. वसंतदादा पाटील गेल्यावर, १९८९ मध्ये, तिला त्यांचे नाव मिळाले. उसाची साखर कशी होते हे तिथे शिकवतातच, पण मळीतून अल्कोहोल कसे निघते, वाइन कशी मुरते आणि बिअर कशी होते हेही शिकवतात. शेजारी मांजरी फार्मला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या वाणांनी गावाचे नाव द्राक्षबागायतदारांच्या तोंडी बसवले: मांजरी नवीन, मांजरी किशमिश, मांजरी मेडिका. एवढी साखर, एवढे फळ आणि एवढे यीस्ट एकाच गावाच्या वाट्याला क्वचित येते. आणि २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आलेल्या याच गावात एखाद्या टॉवरच्या ड्राय बाल्कनीत कुणी वीस लिटरच्या बादलीत माल्टचा काढा आंबायला ठेवला, तर तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा ठरतो. परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. मग ते विकायचे असो की घरातल्या चौघांनी प्यायचे. (ड्राय बाल्कनी हे नाव बिल्डरांनी या कायद्याला स्मरून ठेवले नसावे.)

या पुस्तकाचा विषय त्या बादलीत आहे. इंग्लंडात आणि उत्तर युरोपात थंडीसाठी जी गडद, जड, सात-आठ टक्के अल्कोहोलची एल करतात, ती घरी कशी करावी, तिच्यात मसाला घालावा की नाही, घातलाच तर कोणता, किती आणि केव्हा, एवढाच. पुस्तक मांजरीत बसून मराठीत लिहिले आहे, पण त्यातले काम जिथे कायदा मुभा देतो तिथेच करायचे आहे. माझे स्वतःचे हात इंग्लंडात वळले. तिथे घरच्या बिअरला १८८० पासून परवाना लागत असे, तो १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली आणि बिअर मात्र राहून गेली. ती चूक निस्तरायला १९७८ उजाडले. जिमी कार्टर यांच्या सहीने झालेल्या त्या कायद्यात दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करता येते, विकता मात्र येत नाही. तरीही मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्ये २०१३ पर्यंत अडून बसली होती. तेव्हा न्यू जर्सी, लंडन किंवा मेलबर्नच्या मराठी घरात हे पुस्तक ओट्यावर उघडे ठेवता येईल. पुण्यातल्या वाचकाने ते खुर्चीत बसून वाचावे.

तो वाचकही मला महत्त्वाचा वाटतो. २००९ मध्ये उंड्रीजवळ दूलाली सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूअरला हाताशी धरून जागेवरच बिअर करायला घेतली, आणि पुण्यातल्या मायक्रोब्रूअरींची गोष्ट तिथून सुरू झाली. पाच वर्षांनी मुंढव्यात, म्हणजे मांजरीपासून हाकेच्या अंतरावर, इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी आली. कोरेगाव पार्कात एफिंगट आली. पुण्यात आज अशी पिढी आहे जिला गव्हाची बिअर आणि स्टाउट यांतला फरक सांगावा लागत नाही. पण ‘कडक’ म्हटले की तिच्याही डोळ्यांसमोर वाइन शॉपच्या फ्रिजमधली ‘स्ट्राँग’ लिहिलेली बाटली येते. त्या बाटलीत अल्कोहोल चढवायला माल्टबरोबर साखर, तांदूळ किंवा मका वापरतात, आणि ती बर्फासारखी गार करून प्यायची असते, कारण कोमट झाली की तिच्यातला गोडसर उग्रपणा उघडा पडतो. थंडीतल्या एलचे उलट असते. तिचा कडकपणा माल्टमधून येतो, ती बारा-तेरा अंशांवर प्यायची असते, आणि ग्लासात जसजशी कोमट होते तसतशी ती बोलू लागते. टक्के दोन्हींत सारखेच निघतील. नात्याने त्या एकमेकींच्या कुणी लागत नाहीत.

कायद्याविषयी बोलतोच आहोत तर जुन्या कायद्याचेही सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. दारू कुठे विकावी, किती विकावी, गुत्त्यात बसायची सोय कशी असावी, पिणाऱ्यांवर नजर कुणी ठेवावी, सगळे बारकाईने लिहिले आहे. आजचा उत्पादन शुल्क विभाग त्यापुढे ढिला वाटावा. पण त्याच प्रकरणात कुटुंबांना एक मोकळीक आहे. घरच्या कार्यप्रसंगी पांढरी सुरा, औषधापुरते अरिष्ट आणि इतरही प्रकार कुटुंबाला करता यावेत. उत्सव, मेळावे आणि यात्रांच्या वेळी तर चार दिवस मद्य करण्याची मुभा द्यावी, असे तो सांगतो. सरकारी मक्तेदारीचा एवढा कडवा पुरस्कर्ताही सणाच्या चार दिवसांत घरच्या रांजणाकडे काणाडोळा करत होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच प्रकरणात मैरेय नावाचे पेय आहे: मेषशृंगीच्या सालीचा काढा, त्यात गूळ, वर पिंपळी आणि मिरी, नाहीतर त्रिफळा. म्हणजे गुळाचे, तिखट मसाल्याचे, आंबवलेले पेय. युरोपातली मसालेदार हिवाळी एल आपल्याला परकी वाटायचे काहीच कारण नाही. आजही अनेक मराठी घरांत औषधांच्या कपाटात द्राक्षासवाची नाहीतर दशमूलारिष्टाची बाटली असते. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणाऱ्या आजीला ती दारू देते आहे असे कुणी म्हणणार नाही. पण लेबल वाचावे. आसव-अरिष्टांत धायटीची फुले आणि गूळ घालून, मडक्यात तोंड बंद करून, आतल्या आत अल्कोहोल तयार होऊ देतात, आणि ते साधारण पाच ते दहा टक्के भरते. दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर हा तर त्यांचा नेहमीचा परिवार. कृतीच्या दृष्टीने आसवे आणि आपली एल यांच्यात जे अंतर आहे ते माल्ट आणि हॉप्स यांचे.

दुसरी शेजारीण मात्र दूर ठेवायला हवी. मराठी माणसाला घरी केलेली दारू म्हटले की हातभट्टी आठवते, आणि त्यामागोमाग वर्तमानपत्रातली ठरीव बातमी: अमुक हजार लिटर कच्चे रसायन नष्ट केले, काळा गूळ आणि नवसागर जप्त. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. त्यामागे मिथेनॉल होते. हे विष सहसा आंबवण्यातून येत नाही, स्वस्तात नशा वाढवायला बाहेरून ओतलेल्या औद्योगिक मिथेनॉलमधून येते. आंबवलेल्या जवात मिथेनॉल नगण्य असते, आणि बिअर ऊर्ध्वपातन केलेली नसल्यामुळे ते कुठे साठत नाही. या पुस्तकात भट्टी नाही, नळी नाही, वाफ थंड करणे नाही. ज्याला ते हवे असेल त्याने पुस्तक इथेच मिटावे. घरच्या एलमधला खरा धोका अगदी वेगळा आणि काहीसा हास्यास्पद आहे: साखर उरलेली असताना बाटली बंद केली तर ती फुटते. काचेच्या बाबतीत तो हास्यास्पद राहत नाही, म्हणून त्यावर एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

आता एल. बर्फयंत्रे येण्याआधी बिअर हे मोसमी काम होते. उन्हाळ्यात केलेली बिअर आंबट होई, म्हणून युरोपात ब्रूअर थंडीच्या दोन्ही कडांना जोर लावत. ऑक्टोबरात नव्या जवाचे माल्ट आणि नुकत्याच तोडलेल्या हॉप्सची फुले हाताशी असत. त्यातून जी सर्वांत कडक बिअर निघे ती इंग्रज जमीनदारांच्या तळघरात वर्ष-वर्ष, कधी त्याहून जास्त, मुरत पडे. तिला ऑक्टोबर बिअर म्हणत. लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसनची ब्रूअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीपासून जवळ. जहाजांचे कप्तान तिथून अशाच बिअरची पिंपे उचलत आणि मुंबई-कलकत्त्याच्या बाजारात विकत. फिक्या रंगाची आणि हॉप्सने भरलेली ही बिअर समुद्रावरच्या चार-सहा महिन्यांत गदगदत, तापत मुरे; पुढे बर्टनच्या ऑलसॉपने तिच्यावर कडी केली आणि इंडिया पेल एल जन्माला आली, ही गोष्ट आता सर्वांना पाठ आहे. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की गोऱ्या शिपायांचे मुख्य पेय काळी पोर्टर होते. पिंपांच्या मापाने पाहिले तर पेल एल साहेबांची होती आणि पोर्टर पलटणीची.

शिपाई इतके, तहान इतकी, तर बिअर इथेच का करू नये, हा विचार साहजिक होता. एडवर्ड डायरने कसौलीत ब्रूअरी काढली. (जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा.) पुढे १८८७ च्या सुमारास एच. जी. मीकिनने सिमला आणि कसौलीच्या ब्रूअऱ्या विकत घेतल्या आणि रानीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग आणि खडकी इथे आणखी जोडल्या. बाकी सगळी थंड हवेची ठिकाणे आहेत, या यादीत एकच नाव विजोड दिसते: खडकी. पुण्याची छावणी एवढी मोठी होती की हवेची अडचण सोसूनही तिथे बिअर करणे परवडले. मांजरीतून पाहिले तर ती जागा शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे. घरगुती ब्रूइंगशी तिचा संबंध नाही, पण दख्खनच्या पठारावर यीस्टला काय झेपते या प्रश्नाला तिथे हात घातला गेला.

मसाल्याचे मूळ शोधताना माझी समजूत अशी झाली आहे की इंग्रजांच्या हिवाळी बिअरमध्ये मसाला पूर्वी पिंपात जातच नसे, जात असे तो वाडग्यात. नाताळात आणि नव्या वर्षात वॉसेलचा वाडगा फिरे: जुनी कडक एल गरम करायची, तिच्यात साखर, किसलेले जायफळ, सुंठ घालायची आणि भाजलेली सफरचंदे वर तरंगत ठेवायची. ही वरून दिलेली फोडणी होती. एल करणाऱ्याचे काम आधीच संपलेले असे, आणि ते बिनमसाल्याचे असे. जर्मनीत तर १५१६ च्या बव्हेरियन फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायला बंदी केली. तिथली थंडीतली जड बिअर, डॉपलबॉक, आजही मसाल्याशिवाय उभी राहते आणि कुठेही अपुरी वाटत नाही. नॉर्वेत गुलाटिंगच्या जुन्या कायद्याने शेतकऱ्यांना नाताळची बिअर करणे बंधनकारक केले होते. न करणाऱ्याला दंड होता. (दारू न केल्याबद्दल दंड! आपल्याकडे वाचणाऱ्याला हे वाक्य दोनदा वाचावे लागते.) पिंपातच मसाला घालण्याची आजची फॅशन बरीचशी अमेरिकन आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने १९७५ पासून दर नाताळात नवी एल काढायचा प्रघात पाडला, कृती दरवर्षी बदलती आणि गुपित. तिच्यात जायफळ आहे की दालचिनी यावर लोक पैजा लावत. ती ब्रूअरी २०२३ मध्ये बंद पडली, पण तिने दाखवलेल्या वाटेवर शेकडो घरगुती ब्रूअर चालले आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्या मते चुकीच्या जागी वळण घेतले. पातळ, घाईने उरकलेल्या बिअरवर मसाल्याची डबी उपडी केली की ती हिवाळी होते, असा समज पसरला.

मराठी स्वयंपाकघरातून येणाऱ्या माणसाला हा मोह जास्त होतो, कारण मसाला त्याच्या हाताशी आहे आणि त्याला तो कळतो. म्हणून या पुस्तकाची रचना मुद्दाम उलटी आहे. पहिल्या अर्ध्या भागात लवंगेचे नावही येत नाही.

थंडीच्या एलची खरी कसोटी यीस्टपाशी लागते. साध्या बिअरच्या वॉर्टमध्ये, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून, गाळून उकळलेल्या गोड काढ्यात, जेवढी साखर असते त्याच्या दीडपट इथे असते. हायड्रोमीटरवर सुरुवातीचा आकडा १.०७५ च्या आसपास. साखर कारखान्यात काम केलेल्या माणसाला ब्रिक्सची भाषा जवळची असेल, त्याच्यासाठी साधारण अठरा ब्रिक्स. एवढ्या दाट रसात यीस्टचे सुरुवातीचे दिवस फार कष्टाचे जातात, आणि उपाशी, अपुरे, तापलेले यीस्ट जे सोडते ते नंतर कोणत्याही दालचिनीने झाकत नाही. वीस लिटरला कोरड्या यीस्टचे एक पाकीट पुरते असे पाकिटावर लिहिलेले असते. इथे दोन लागतात. काढा गार झाल्यावर तो चांगला खळबळून त्यात हवा मिसळावी लागते, आणि ही एकच वेळ असते जेव्हा हवा हवीशी असते.

मग तापमान. इंग्लिश एलचे बहुतेक यीस्ट अठरा ते वीस अंशांत सुखी असते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारापर्यंत उतरतो, दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. सरासरी काढली तर अगदी हवी तेवढी येते, आणि तिथेच फसगत होते. यीस्टला सरासरी कळत नाही, त्याला दुपार कळते. शिवाय दाट रसात आंबण्याची स्वतःची ऊब असते, बादलीतला काढा खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी सहज चढतो. पंचविशीच्या पुढे गेले की जड अल्कोहोले तयार होतात, त्यांचा वास नेलपॉलिशच्या दिशेने जातो आणि दुसऱ्या दिवशी डोके धरते. पुणेरी डोक्यांना ‘स्ट्राँग’मुळे जी ओळखीची झाली आहे ती ठणक थोडीफार यातलीच असावी. लंडनच्या न तापवलेल्या खोलीत हा प्रश्न येत नाही, तिथे उलट रात्री यीस्ट झोपी जाते. दोन्हींवर उपाय एकच: बादली पाण्याच्या मोठ्या टबात ठेवायची. पाणी दुपार आणि रात्र यांच्यामध्ये उभे राहते. गरमीत त्यावर ओले पोते आणि टबात बर्फाच्या बाटल्या, थंडीत मत्स्यालयातला छोटा हीटर.

ज्यांच्या गावी थंडीच नसते त्यांच्यासाठी नॉर्वेतून एक देणगी आली आहे. पश्चिम नॉर्वेतल्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या वाळवून जपलेले क्वेइक नावाचे यीस्ट पस्तीस-चाळीस अंशांतही स्वच्छ आंबवते. लार्स मारियुस गार्शोल याने गावोगाव फिरून त्याची नोंद केली आणि गेल्या दशकात ते जगभर पोचले. वॉस भागातल्या वाणाला संत्र्याच्या सालीचा वास असतो, कुणी साल न घालता. मेलबर्नच्या मराठी मंडळींना नाताळ भर उन्हाळ्यात येतो. त्यांनी एकतर हे यीस्ट धरावे, नाहीतर पंचांग बाजूला ठेवून जून-जुलैची एल करावी.

यीस्ट स्वतःच मसाला देते, ही गोष्ट या पुस्तकात मी पुन्हा पुन्हा सांगितली आहे. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये आणि कित्येक बेल्जियन एलमध्ये जी लवंग लागते ती लवंगेची नसते; विशिष्ट यीस्ट माल्टमधल्या एका आम्लापासून तो वास तयार करते. गडद माल्टमधून मनुका आणि करपलेल्या साखरेचा गंध येतो, दोन-तीन महिने मुरल्यावर खारीक येते. एवढे सगळे फुकट मिळत असताना डबी उघडायची घाई का?

माल्टचे गणित पुढे तपशिलात आहे. ढोबळ सांगायचे तर वीस लिटरला सात किलो: त्यातले सहा साधे फिके माल्ट, उरलेल्यात क्रिस्टल, थोडे म्युनिक, आणि रंगापुरती मूठभर चॉकलेट माल्ट. सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर भिजवायचे, गाळायचे, मग तास-दीड तास उकळायचे. हॉप्स बेतानेच, पाच टक्के आम्लाच्या ईस्ट केंट गोल्डिंग्जचे साठ ग्रॅम सुरुवातीलाच. ते कडूपणापुरते, वासासाठी नव्हेत. सगळे नीट झाले तर हायड्रोमीटर १.०१८ वर थांबतो आणि साडेसात टक्के हाती येतात.

इथे गुळाचा प्रश्न येतो, आणि मांजरीत बसून तो टाळणे शक्य नाही. १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले, मुठेचा कालवा हडपसर-मांजरीच्या अंगाने पुढे गेला, आणि या पट्ट्यात ऊस आला. मांजरीच्या सरकारी शेतावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उसाचे प्रयोग चालत. कालव्याचे पाणी बेहिशेबी पाजल्याने जमिनी खारवल्या, हेही याच भागाने लवकर पाहिले, आणि खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारट उतरतो हे गुऱ्हाळावरचा कुणीही सांगेल. स्वयंपाकात ती चव लपते. एलमध्ये गोडी आंबून निघून जाते आणि खार तेवढा मागे राहतो. म्हणून ढेप फोडून एक खडा जिभेवर धरावा, आणि खारट लागला तर ती ढेप पोळ्यांसाठी ठेवावी. पिवळाधमक गूळही नको. तो उजळ करायला रसायने वापरलेली असतात आणि चवीला तो साखरेहून फार वेगळा नसतो. तपकिरी, किंचित कडसर, काहिलीची आठवण ठेवणारा गूळ घ्यावा. काकवी मिळाली तर उत्तम.

पण अर्ध्या किलोच्या वर नको. गुळातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकते. अल्कोहोल वाढते, अंग घटते. अर्धा किलो गुळाने हायड्रोमीटर आठ-नऊ अंकांनी चढतो, तेवढे माल्ट कमी करावे. दोन किलो घातला तर जे मिळते ते कोरडे, पातळ आणि चढणारे असते, आणि त्याला एल म्हणण्यापेक्षा मैरेयाचा आळशी भाऊ म्हणावे.

मसाल्याच्या प्रकरणात मी बराच रमलो आहे हे वाचकाला दिसेलच. तिथली काही मते कुणाला आवडणार नाहीत. वेलदोडा मला गडद एलमध्ये चालत नाही. इंग्रज माणसाला तो गूढ वाटतो. मराठी जीभ तो लागल्याबरोबर बासुंदी शोधू लागते, आणि ती न मिळाल्याने हिरमुसते. लवंग वीस लिटरला तीन-चार, त्यापुढे दातांच्या दवाखान्याचा वास येतो, कारण द्रव्य तेच आहे. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून बहुधा जाड सालीची कॅसिया मिळते, ती तिखट आणि एकसुरी असते. पातळ, चुरगळणारी खरी दालचिनी शोधावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणासाठी दालचिनीचा ‘कोकण तेज’ आणि जायफळाचा ‘कोकण सुगंधा’ असे वाण दिले आहेत. कोकणात नातेवाईक असतील तर ओळख इथे वापरावी. जायफळ पाव, ताजे किसून. सुंठ चालते, आले कच्चे लागते. कौटिल्याला मान देऊन दोन पिंपळ्या घालून पाहाव्यात: मिरीसारखी तिखट, पण उशिरा येणारी आणि किंचित गोडसर, कडक एलला ती लवंगेपेक्षा जास्त शोभते असे माझे मत झाले आहे. नागपुरी संत्र्याची साल वरवर सोलून, पांढरा भाग अजिबात न येऊ देता. आणि गोडा मसाला कृपा करून नको. त्यातले खोबरे आणि तीळ तेल सोडतात, तेलाने फेस मरतो, आणि वर जे उरते त्याला आमटीचा वास येतो. हा प्रयोग करून पाहणारे लोक आहेत म्हणून लिहावे लागले.

मसाला उकळीत टाकायचा की नंतर, यावर ब्रूअर मंडळींत दोन पक्ष आहेत. शेवटच्या पाच मिनिटांत अख्खा मसाला टाकणारे म्हणतात की आंबताना तो एलशी एकजीव होतो. खरे आहे, पण आंबताना सुटणारा वायू अर्धा सुगंध घेऊन बाहेर पडतो, किती गेला ते शेवटी कळते, आणि जास्त झाला असेल तर परत काढता येत नाही. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. एल बिनमसाल्याची करावी, दोन आठवडे आंबू द्यावी, दुसऱ्या भांड्यात काढून दोन महिने थंड आणि अंधाऱ्या जागी मुरू द्यावी. तेवढ्या काळात तिच्यातला अल्कोहोलचा उग्रपणा बसतो आणि गडद माल्ट पुढे येते. मग चाखावी. पुष्कळदा तिला काही नको असते. तशी असेल तर सरळ बाटलीत भरावी: वीस लिटरला शंभर ग्रॅम साखर, मुरण्यात यीस्ट थकले असेल म्हणून चिमूटभर ताजे यीस्ट, आणि पुन्हा महिनाभर विसरावी.

काही कमी वाटलेच तर अर्क. बाटलीत भरायच्या आठवडाभर आधी शंभर मिलिलिटर व्होडकात मसाला भिजत घालावा, रोज हलवावा, मग फडक्यातून गाळून घ्यावा. चार ग्लासांत मोजून शंभर-शंभर मिलिलिटर एल घ्यावी आणि औषधाच्या सिरिंजने त्यांत ०.१, ०.२, ०.३ आणि ०.५ मिलिलिटर अर्क सोडावा. पाचवा ग्लास कोरा ठेवावा. घरातल्या ज्या माणसाला यातले काही माहीत नाही त्याला क्रम न सांगता चाखायला द्यावे. मसाला करणाऱ्याच्या जिभेवर भरवसा ठेवू नये, तिला जे घातले ते लागतेच. जो ग्लास आवडेल त्याच्या एक पायरी खालचे प्रमाण धरावे, कारण एका घोटाला जे छान वाटते ते अर्ध्या पिंटाला जड होते. म्हणजे ०.३ आवडला तर ०.२, आणि वीस लिटरला चाळीस मिलिलिटर. कोरा ग्लासच आवडला असेल तर अर्काची बाटली झाकण लावून ठेवून द्यावी, ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत सहज टिकते.